वारुळातल्या पाहुण्याचे नाव

भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था दरवर्षी देशाच्या प्राणिसंपदेत पडलेल्या भरीची यादी प्रसिद्ध करते. २०२३ या वर्षाच्या यादीत ४४२ प्रजाती विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या आणि १९९ प्रजातींची भारतात प्रथमच नोंद झाली होती. पुढे ३० जून २०२४ रोजी कोलकात्यात देशातील ज्ञात प्राण्यांची सूची जाहीर झाली. तिच्यात १,०४,५६१ प्रजाती आहेत. या आकड्यांत वाघ-हत्तींचा वाटा नगण्य, फार मोठा वाटा कीटकांचा. त्यांची बातमी येते ती ठरावीक शब्दांत : ‘अमुक ठिकाणी भुंगेऱ्याची नवी प्रजाती सापडली.’

या ‘सापडली’ शब्दापाशी थोडे थांबायला हवे. शेतातले वारूळ फोडणाऱ्या माणसाला आतले बारीक किडे पिढ्यान्‌पिढ्या सापडत आलेले आहेत. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र ती प्रजाती अस्तित्वात येते ती तिचे वर्णन होते तेव्हा. कोणीतरी तिला इतरांहून वेगळी म्हणून ओळखतो, तिचे अवयव मोजतो, नाव देतो, ते छापतो आणि एक मृत देह कायमचा जपून ठेवतो. माझे शिक्षण भौतिकशास्त्रातले. त्यामुळे या पाच पायऱ्यांतल्या शेवटच्या पायरीचे मला प्रथमपासून नवल वाटत आले आहे. नाव छापून झाल्यावर देह जपण्याचे प्रयोजन काय? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वाळवीच्या वारुळात राहणाऱ्या भुंगेऱ्यांचा इतिहास हाती लागला. त्यातली एक वाट अहमदनगर जिल्ह्यातून, आजच्या अहिल्यानगरातून, जाते.

आधी वारुळाविषयी. आपल्याकडे वारूळ हे पूजेचे स्थान आहे. वल्मीकातून वाल्मीकी आले, नागपंचमीला वारुळाची पूजा होते, आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूजलाचा माग काढताना वारुळांची साक्ष काढली आहे. बोलीत आपण ‘मुंग्यांचे वारूळ’ म्हणतो. पण मातीची ती उंच बांधणी पुष्कळदा वाळवीची असते, आणि वाळवी ही मुंगी नव्हे. मुंगी मधमाशीच्या गोतातली, तर वाळवी झुरळाच्या. वाळवीचा स्वतंत्र गण मोडून तिला झुरळांच्या गणात घालावे, हा निष्कर्ष २००७ मध्ये जनुकीय पुराव्यानिशी मांडला गेला आणि आता तो सर्वमान्य आहे.

वारुळाच्या आत काळोख, दमट हवा, फारसे न बदलणारे तापमान आणि बारमाही अन्न असते. ओडोंटोटर्मिस वंशाच्या वाळव्या तर चघळलेल्या काष्ठावर बुरशीची बाग लावतात आणि तिच्यावर जगतात. दाराशी सैनिक पहारा देतात. एकदा आत शिरकाव झाला की याहून सुरक्षित घर मिळणे कठीण. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपण सापावरून केली. पण वारुळाचे खरे नागोबा दोन-तीन मिलिमीटर लांबीचे आहेत. माश्या, कोळी अशा कितीतरी जीवांनी हा शिरकाव साधला आहे, आणि त्यांत भुंगेरे आघाडीवर आहेत. विशेषतः स्टॅफिलिनिडी या कुळातले. आखूड पुढचे पंख आणि उघडे, लवचीक पोट ही त्यांची ओळख. या एका कुळात ६० हजारांहून अधिक प्रजाती आहेत.

वाळवीच्या शास्त्रीय अभ्यासाचा एक आरंभबिंदू भारतात आहे. लिनियसचा शिष्य योहान गेऱ्हार्ड क्योनिग १७६८ मध्ये तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला. त्याच्या गुरूने दहाच वर्षांपूर्वी, १७५८ मध्ये, ‘सिस्टेमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली होती. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची कालगणना आजही त्याच वर्षापासून होते. क्योनिगने तंजावर भागातल्या वाळवीचे निरीक्षण करून १७७९ मध्ये बर्लिनच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. ‘तथाकथित पांढऱ्या मुंग्या’ असे त्याने शीर्षकातच म्हटले होते. ही मुंगी नाही, हे त्याला उमगले होते. दोन वर्षांनी हेन्री स्मीथमनचा आफ्रिकेतल्या वाळवीवरील प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. राजा, राणी, सैनिक, कामकरी अशी वाळवीची दुनिया युरोपला माहीत झाली. तिच्यातले पाहुणे मात्र आणखी सत्तर वर्षे अंधारातच राहिले.

ते उजेडात आले ब्राझीलमधून. १८५३ मध्ये कोपनहेगनच्या शेटे या कीटकशास्त्रज्ञाने कोरोटोका आणि स्पिराक्था या दोन नव्या वंशांचे वर्णन केले. नमुने राइनहार्ट या निसर्गअभ्यासकाने ब्राझीलमधील वाळवीच्या घरट्यांतून आणलेले होते. या भुंगेऱ्यांचे पोट फुगून पाठीवर उलटे वळलेले होते, इतके की वरून पाहता भुंगेऱ्याऐवजी वाळवीच दिसावी. शिवाय ते अंडी न घालता जिवंत अळ्यांना जन्म देत होते. शेटेने शीर्षकातच त्यांना वाळवीचे ‘पाळीव प्राणी’ म्हटले. वाळवीच्या घरी राहून देहाची घडणच पालटलेले भुंगेरे शास्त्रात आले ते असे.

यानंतरचे मोठे नाव एरिख वासमान (१८५९–१९३१) यांचे. हे जेझुइट धर्मगुरू होते आणि मुंग्या-वाळव्यांच्या घरातल्या पाहुण्यांचा अभ्यास हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांनी पाहुण्यांची प्रतवारी केली : ज्यांचा यजमान छळ करतात ते, ज्यांना नुसते सोसतात ते, आणि ज्यांना चाटून-गोंजारून भरवतात ते खरे पाहुणे. ही प्रतवारी आजही वापरात आहे. वासमान युरोपात बसून काम करीत. त्यांचे डोळे आणि हात होते जगभर पसरलेले त्यांच्या संघाचे मिशनरी. त्यांपैकी फादर हाइम अहमदनगर जिल्ह्यात होते, आणि फादर योसेफ आसमुथ मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. आसमुथ यांनी मुंबई इलाख्यातील लाकूड पोखरणाऱ्या वाळव्यांवर १९१३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले आहे.

दख्खनच्या आणि घाटमाथ्याच्या वारुळांतून निघालेले किडे अल्कोहोलच्या कुपीत बंद होऊन समुद्रापार जात. १८९९ मध्ये वासमान यांनी त्यांतून टर्मिटोडिस्कस हायमी या भुंगेऱ्याचे वर्णन केले. नावाप्रमाणेच तो तबकडीसारखा : चपटा, गोल, कडा खाली झुकलेल्या, पाय आणि डोके पंखांखाली दडवता येणारे. चिडलेल्या वाळवीच्या जबड्याला पकडायला त्याच्या देहावर काही नसते. १९०२ मध्ये त्यांनी इथल्या वाळव्यांनाही नावे दिली. एक कॉप्टोटर्मिस हायमी, दुसरी ओडोंटोटर्मिस वालोनेन्सिस. (वंशाची नावे आजच्या वर्गीकरणानुसार दिली आहेत.) पहिल्या नावात हाइम आहेत. दुसऱ्या नावात अहमदनगर जिल्ह्यातले ‘वालोन’ आहे, जुन्या नोंदींत गावाचे नाव असेच लिहिलेले आढळते. एका छोट्या गावाचे नाव जगभरच्या कीटकशास्त्रात अशा रीतीने कायम झाले. वारूळ खणणारे हात कोणाचे होते, हे मात्र कोणत्याच नावात उरलेले नाही.

याच किड्यांपैकी एकाने पुढे युरोपातल्या एका मोठ्या वादात साक्ष दिली. १९०४ मध्ये वासमान यांनी भारतातल्या वाळवीच्या घरट्यातून आलेल्या आणखी एका भुंगेऱ्याला डोरायलोक्सिनस ट्रान्सफ्यूगा असे नाव दिले. ट्रान्सफ्यूगा म्हणजे पक्ष सोडून गेलेला, फितूर. या वंशातले त्याचे आफ्रिकेतले भाऊबंद डोरायलस या लुटारू मुंग्यांच्या फौजांबरोबर राहतात. त्यांची पावले आक्रसलेली, चालण्यापेक्षा मुंगीच्या अंगाला चिकटून स्वारी करण्यास सोयीची. तशीच पावले असलेला हा भुंगेरा भारतात राहत होता मुंग्यांऐवजी वाळवीच्या घरी. वासमान यांचा तर्क असा : डोरायलस मुंग्या जमिनीखालून वाळवीच्या घरट्यांवर धाडी घालतात. अशा धाडीत त्यांचे काही स्वार मागे राहिले, वाळवीच्या आश्रयाला रुजले आणि कालांतराने त्यांची वेगळी प्रजाती झाली. पावले जुन्या धन्याची खूण सांगतात आणि मुक्काम नव्याकडे आहे.

धर्मगुरूंच्या लेखणीतून आलेला हा प्रजाती बदलतात याचा पुरावा होता! १९०६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तो आग्रहाने मांडला. मनुष्याला मात्र त्यांनी उत्क्रांतीच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि म्हणून अर्न्स्ट हेकेलसारख्यांशी त्यांचा कडवा वाद झाला. फेब्रुवारी १९०७ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये जाहीर व्याख्याने दिली. त्यानंतर १८ तारखेच्या चर्चेत विरोधी शास्त्रज्ञांनी त्यांना भर सभेत घेरले.

वासमान यांच्या तर्काची पद्धत आज कितपत टिकते? शरीराच्या ठेवणीवरून नाते ओळखणे ही त्या काळाची एकमेव वाट होती. २०१७ मध्ये मुनेतोशी मारुयामा आणि जोसेफ पार्कर यांनी लष्करी मुंग्यांबरोबर राहणाऱ्या स्टॅफिलिनिड भुंगेऱ्यांचे डीएनए तपासले. मुंगीसारखे दिसणारे त्यांचे शरीर किमान १२ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाल्याचे त्यांना आढळले. सारख्या घरात राहिल्याने सारखे रूप येते, म्हणून रूपसाम्य हा नात्याचा पुरेसा पुरावा ठरत नाही. ‘फितूर’ भुंगेऱ्याची कथा निकाली काढायची तर त्याचे डीएनए हवे, त्यासाठी ताजे नमुने हवेत, आणि ते आपल्या मातीतल्या वारुळांतूनच मिळतील. पण मिळालेला ताजा किडा खरोखर वासमान यांचाच, हे ठरवायचे कशावरून? १९०४ च्या वर्णनातले चार परिच्छेद सख्ख्या दोन प्रजातींना सारखेच लागू पडू शकतात. उत्तर एकच : जुन्या देहाशी ताडून. तो जुना संग्रह आहे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहराच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. १८८९ पासून किलोग्रॅमचे प्रमाण म्हणजे पॅरिसजवळ सेव्र येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. त्याची एक प्रत, क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर बांधली गेली आणि त्या दंडगोलाची मक्तेदारी संपली. आता तत्त्वतः कोणत्याही देशात, योग्य उपकरणे असल्यास, किलोग्रॅम सिद्ध करता येतो. प्राणिशास्त्रात अशी सुटका नाही. तिथे प्रत्येक नाव एका देहाला बांधलेले असते. त्याला प्रारूप-नमुना म्हणतात. तो सर्वांत देखणा किंवा सरासरी असण्याची गरज नाही. वाद झाला की नाव ज्याच्याबरोबर जाते, तो हा देह. जुने लेखक हाताशी असलेली सगळी मालिकाच प्रारूप मानत. १९९९ नंतर वर्णन होणाऱ्या प्रजातीसाठी मात्र प्रारूप-नमुने स्पष्टपणे नेमून देणे आंतरराष्ट्रीय नामकरण-संहितेने सक्तीचे केले आहे.

यात मला मागासलेपण दिसत नाही. कोणताही इलेक्ट्रॉन घ्या, तो दुसऱ्यासारखाच असतो. म्हणून भौतिकशास्त्राला नमुन्याचा इलेक्ट्रॉन जपून ठेवावा लागत नाही. दोन भुंगेरे मात्र कधीच तंतोतंत सारखे नसतात, आणि प्रजाती ही बदलत्या व्यक्तींची परंपरा असते. त्या परंपरेवर ठेवलेले बोट म्हणजे प्रारूप-नमुना. डीएनएचा क्रम नोंदवला तरी तो कोणत्या देहातून घेतला, हा प्रश्न उरतोच.

यातूनच इतिहासाचा एक भार आजच्या विद्यार्थ्यावर येतो. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत माल्कम कॅमेरन यांनी स्टॅफिलिनिडी कुळावर १९३० ते १९३९ या काळात चार खंड लिहिले. कॅमेरन काही वर्षे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत होते. भारतातल्या या कुळाचा अभ्यास आजही त्या खंडांपासून सुरू होतो. पण त्यांचा मुख्य संग्रह लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. म्हणजे आपल्या गावच्या वारुळातला भुंगेरा नवा की जुना, हे ठरवताना कधी मास्ट्रिख्टला पत्र लिहावे लागते, कधी लंडनला. छायाचित्रांवर भागले तर ठीक. नाही तर प्रवास आला, व्हिसा आला, आणि संशोधनवृत्तीतून तो खर्च भागवणे आले.

वाळवीच्या बाबतीत ही स्थिती पुष्कळ बदलली. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी सर्वेक्षण संस्थेत मिथनलाल रूनवाल आणि ओ. बी. छोटाणी यांनी भारतीय वाळव्यांवर अनेक दशके काम केले. त्यांचा पहिला खंड १९८९ मध्ये आला, आणि छोटाणी यांचा दुसरा १९९७ मध्ये. यजमानाचा पत्ता नीट लागला. पाहुण्यांचा अजून लागायचा आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने जुन्या प्रवाहाची दिशा उलटवली. नवी प्रजाती शोधणाऱ्याने तिची माहिती ठरवून दिलेल्या भारतीय संस्थेला द्यावी आणि नमुने तिथे जमा करावेत, असे त्याचे कलम ३९ सांगते. इतिहास पाहता हे न्याय्यच आहे. पण कायद्यांच्या या नव्या चौकटीला दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये केरळ कृषी विद्यापीठाचे भुंगेरे-तज्ज्ञ के. डी. प्रथपन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. जैवसंपत्तीची लूट रोखण्यासाठी केलेल्या नियमांमुळे नमुन्यांची देवाणघेवाण अडते आणि वर्गीकरणाचे निर्व्याज कामही गुदमरते, असा त्याचा आशय होता. जगभरच्या शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याला दुजोरा दिला. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. देह इथे राहावा, हा हक्क आहे. आणि तो तज्ज्ञापर्यंत पोहोचावा, ही गरज आहे. पूर्वी नमुना गेला तो परत आला नाही. आता नमुना जाऊच शकला नाही, तर तो कपाटात निनावी पडून राहील.

दरम्यान जगात इतरत्र काय घडते आहे, तेही पाहण्यासारखे आहे. २०१२ मध्ये मारुयामा यांनी कंबोडियातल्या वाळवीच्या बुरशीच्या बागेतून एओकोरिथोडेरस इन्क्रेडिबिलिस या आंधळ्या, पंखहीन भुंगेऱ्याचे वर्णन केले. हा शेणकिड्यांच्या कुळातला. त्याच्या पाठीवर एक उंचवटा आहे आणि कामकरी वाळवी त्याला त्या मुठीने उचलून नेते. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून ऑस्ट्रोस्पिराक्था कॅरिजोई आला. त्याचे फुगलेले पोट पाठीवर वळून चक्क वाळवीची बाहुली बनले आहे, खोट्या पायांसकट. या वंशाची पहिली प्रजाती १९७३ मध्ये वर्णिली गेली होती. दुसरी मिळायला पन्नास वर्षे लागली. शेटेच्या १८५३ च्या स्पिराक्थाशी या नावाचे नाते उघड आहे. आणि २०१७ मध्ये म्यानमारच्या सुमारे ९.९ कोटी वर्षे जुन्या अंबरात वाळवीच्या पाहुण्याचाच घाट असलेला भुंगेरा मिळाला, क्रेटोट्रिकॉप्सेनियस. डायनोसॉर पृथ्वीवर वावरत होते, तेव्हाच वाळवीचे घर लुटण्याची कला सिद्ध झाली होती.

हे सगळे शोध एकाच रीतीने लागले. कोणीतरी घरटे उघडले, पांढरट गर्दीत वेगळ्या चालीचा एक ठिपका पाहिला, तो टिपला, यजमान वाळवीही शेजारच्या कुपीत घेतली, तारीख-गाव लिहिलेली चिठ्ठी आत टाकली. चिठ्ठीवाचून नमुन्याला अर्थ नाही, आणि यजमानावाचून पाहुण्याला. त्यानंतर प्रयोगशाळेत जबड्यांचे सूक्ष्म भाग, स्पृशांचे सांधे, नराची जननेंद्रिये वेगळी करून काचपट्टीवर बसवायची, आकृत्या काढायच्या, जगभरच्या जुन्या वर्णनांशी ताडायच्या. या कामाला कण-त्वरक लागत नाही. बरा सूक्ष्मदर्शक, जर्मन-लॅटिन वाचण्याची चिकाटी आणि अनेक वर्षे लागतात. तिसरी गोष्ट आपल्या संशोधन-व्यवस्थेत सर्वांत महाग आहे.

आणि वेळ तर वारुळालाही नाही. ओडोंटोटर्मिस ओबेसस ऊस-गव्हाची शत्रू आहे; शेतकऱ्याने तिचे घर नांगरले तर त्याला दोष कसा देणार? पण एकाच यजमानाकडे राहणारे पाहुणे यजमानाबरोबरच जातात. त्यांना नाव नसेल तर ते गेले, हेही कोणाला कळत नाही. वर सांगितलेल्या १,०४,५६१ च्या यादीतून ते वजा होत नाहीत, कारण ते तिच्यात कधी आलेलेच नसतात.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी ‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तीन गोष्टी शोधा : प्रारूप-नमुना कोणत्या संस्थेत ठेवला आहे, तो कोणत्या जुन्या नमुन्यांशी ताडला, आणि तो कोणत्या गावात, कोणाच्या मदतीने मिळाला. पहिल्या दोन उत्तरांवरून विज्ञान किती पक्के आहे ते कळेल. तिसरे उत्तर हाइम-आसमुथ यांच्या काळात लिहिण्याची रीत नव्हती. आज ती पाडणे आपल्या हाती आहे; शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशात एका ओळीची जागा नेहमीच असते.